वाचकांचे प्रश्न : छावणीची चूल आणि भोवतालचं रान

बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या रोहिंग्या छावण्यांविषयी मागच्या अंकात लिहिलं होतं. 25 ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांत सात लाखांच्या आसपास माणसं म्यानमारमधून या जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ तालुक्यांच्या वनजमिनीवर येऊन राहिली. आधीचे धरून हा आकडा नऊ लाखांच्या घरात गेला. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी चार घेत आहोत.

डोंगर उजाड होताना दिसत होते, तर तेव्हाच लाखो झाडं लावून सरपणाची सोय का केली नाही? (नाशिक)

हिशेब मांडला की उत्तर मिळतं. माणशी रोज फक्त अर्धा किलो लाकूड धरा. हा आकडा हात राखूनच धरलेला आहे, तीन दगडांच्या चुलीला याहून जास्त लागतं. नऊ लाख माणसांना दिवसाला 450 टन, म्हणजे वर्षाला 1,64,000 टन. चांगल्या पावसाच्या प्रदेशात लवकर वाढणारी झाडं हेक्टरी वर्षाला 10 टन वाळकं लाकूड देतील असं धरलं, तर 16,400 हेक्टर लागवड लागेल. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दीडपट क्षेत्र झालं हे! शिवाय पहिली तोड चार-पाच वर्षांनी. चूल तर आज संध्याकाळी पेटवायची असते.

आधी फांद्या गेल्या, मग खोडं, आणि शेवटी लोक खुंट व मुळ्या खणून काढू लागले. खरं नुकसान या शेवटच्या टप्प्यात झालं. जमिनीत जिवंत खुंट असेल तर पहिल्या पावसात त्याला फुटवे येतात आणि रान आपोआप सावरायला लागतं. खुंट उपटला की ती वाट बंद होते आणि मातीही मोकळी होते. म्हणून अशा ठिकाणी पहिला खर्च इंधनावर व्हायला हवा, रोपांवर नंतर, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सरपणाची गरज मोजायची कशी? आम्हाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी हवं आहे. (पुणे)

विचारून मोजू नका, तोलून मोजा. निवडलेल्या घरातली मोळी सकाळी ताणकाट्यावर तोला आणि त्या दिवशी त्याच मोळीतलंच लाकूड वापरायला सांगा. दुसऱ्या सकाळी उरलेलं तोला. वजा करा आणि जेवलेल्या माणसांनी भागा. असे सलग सात दिवस. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, त्यामुळे ओलं की वाळकं ही नोंद नसेल तर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. लहान कुटुंबाला माणशी जास्त लाकूड लागतं, म्हणून दोन माणसांची आणि आठ माणसांची घरं वेगळी मांडा. चहाच्या टपऱ्या आणि विटाभट्ट्या विसरू नका. त्यांचा धूर घरांच्या यादीत येत नाही.

गॅस वाटला म्हणजे प्रश्न मिटला ना? (कोल्हापूर)

2018 च्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरोघर शेगडी आणि सिलिंडर द्यायला सुरुवात केली, आणि लाकडाची मागणी झपाट्याने घटली. पण टाकी किती दिवसांनी भरून मिळणार, यावर सगळं अवलंबून आहे. चौघांना आणि नऊ जणांना एकच मुदत लावली, तर मोठ्या घरातली टाकी आधी संपते आणि उरलेले दिवस बायका-पोरं पुन्हा रानात जातात. निधी आटला आणि मुदत लांबली तरी तेच. दुसरी गोष्ट आजूबाजूच्या बांगलादेशी गावांची. त्यांना वगळलं तर रान त्यांच्या चुलीसाठी तुटत राहतं आणि वर मनं दुखावतात, म्हणून त्यांच्यातल्या गरजू घरांनाही गॅस दिला गेला. सोबत डाळ भिजत घालणं, झाकण ठेवणं, कुकर वापरणं या सवयी लागल्या की टाकी सहज काही दिवस जास्त पुरते.

धोका आगीचा. घरं बांबू आणि ताडपत्रीची, एकमेकांना चिकटून. 22 मार्च 2021 च्या बालुखाली छावणीतल्या मोठ्या आगीने सुमारे 45,000 माणसं बेघर केली. कारण काहीही असो, एकदा ठिणगी पडली की अशा वस्तीत आग थांबत नाही. टाकी उभीच ठेवायची, शेगडी टाकीपेक्षा उंचावर, आणि नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासायची. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून भिंतीला जमिनीलगत फट हवी. थंडी वाजते म्हणून ती चिंध्यांनी बुजवली जाते, तेव्हा दर फेरीत ती तपासायला हवी.

उतार कशाने धरून ठेवतात? आमच्याकडे कोकणातही दरडी कोसळतात. (महाड)

छावण्यांच्या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डोंगर वाळू-चिकणमातीचे, आणि झोपड्यांसाठी ते पायऱ्यांसारखे कापलेले. तिथे पहिलं काम वाळ्याच्या गवताचं. गड्ड्यातून दोन-तीन फुटव्यांचे ठोंब सोडवा, पाती वीतभर आणि मुळ्या बोटभर ठेवून छाटा. उताराला आडव्या, समपातळीच्या ओळीत 10 ते 15 सेंटीमीटरवर लावा. दोन ओळींमध्ये सुमारे एक मीटर उंचीचा फरक. पाऊस सुरू होता होता लावा. रुजायला ओल आणि वेळ दोन्ही मिळतात.

फसतं कुठे? ओळ तिरपी गेली की पाणी तिच्या कडेने धावत घळ पाडतं. मधला एखादा ठोंब मेला की त्याच भगदाडातून माती निसटते, म्हणून तीन-चार आठवड्यांत नांग्या भरा, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवे ठोंब लावा. वाळ्याला सावली सोसत नाही. त्याच्यावर लगेच दाट झाडं लावली तर तो मरतो. आणि वरून येणारं सांडपाणी गटारात वळवलं नसेल तर कोणतंच गवत टिकत नाही.

झाडं नंतर, आणि मिसळून. एकट्या ऑस्ट्रेलियन बाभळीने डोंगर लवकर हिरवा दिसतो, पण जुन्या रानातला गर्जन हा उंच वृक्ष त्यामुळे परतत नाही. गर्जनाचं बी काही दिवसांतच उगवण गमावतं. ते गोळा करून गोदामात ठेवायचं नसतं, लगेच पिशवीत टोचायचं. लागवडीची मजुरी खड्ड्यांवर न देता दोन पावसाळ्यांनंतर जगलेल्या रोपांवर थोडी राखून ठेवावी. कंत्राटातला हा एक बदल बऱ्याच तांत्रिक सल्ल्यांपेक्षा उपयोगी आहे.

आपल्या कोकणातल्या दरडीला मात्र वाळा पुरणार नाही, कारण वाळा वरची दोन-तीन मीटर माती धरतो, त्याहून खोलवर सुटणारा कडा नाही. तिथे आधी भूगर्भतज्ज्ञाला दाखवा, आणि तोवर माथ्यावरच्या भेगा मातीने बुजवून पाणी बाजूला काढा.