अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका बाळंतपणात जास्त का दगावतात, हे फक्त गरिबीमुळे का?

नाही, फक्त गरिबीमुळे नाही, कारण कॉलेज शिकलेल्या कृष्णवर्णीय बाईलासुद्धा तिथे शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त धोका असतो, हे सीडीसीच्याच (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) आकडेवारीत आहे. 2023 चा दर बघा, एक लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू 50.3 आणि गोऱ्यांचे 14.5, म्हणजे तिपटीहून जास्त. बीपी वगैरे आजार आहेतच, इन्शुरन्सचा प्रश्न आहे, पण बाई त्रास सांगते आणि कोणी मनावर घेत नाही हेही मोठं कारण आहे आणि मला तेच सगळ्यात संतापजनक वाटतं. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला 2017 मध्ये सिझरच्या दुसऱ्या दिवशी धाप लागली, आधी रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला असल्याने तिने स्वतःच सीटी स्कॅन मागितला, तरी आधी पायांची सोनोग्राफी केली, नंतर सीटीत फुप्फुसात गुठळ्या सापडल्या.

उपाय चालू आहेत:
- कॅलिफोर्नियात रक्तस्रावासाठी ठरलेली पद्धत आणली, रक्त किती गेलं ते नजरेने अंदाजे न सांगता भिजलेले पॅड चक्क वजन करून मोजायचे, औषधांची ट्रॉली तयार ठेवायची
- 2021 च्या कायद्यानंतर बहुतेक राज्यांत मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) बाळंतपणानंतर 60 दिवसांऐवजी वर्षभर मिळतं

एक मात्र लक्षात घ्या, कॅलिफोर्नियात 2006 ते 2013 मध्ये एकूण मातामृत्यू जवळपास निम्म्यावर आले तरी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मातांमधली दरी काही मिटली नाही.