‘जनुकीय सुधारित’, ‘जनुकीय परिवर्तित’ की नुसते ‘बीटी’?

प्रश्न असा आला आहे: वांगी, मोहरी आणि तांदूळ यांच्या नव्या वाणांविषयीच्या मराठी बातम्यांत एकाच प्रकारच्या पिकाला कधी ‘जनुकीय सुधारित’, कधी ‘जनुकीय परिवर्तित’, कधी ‘जनुकीय संशोधित’, तर कधी नुसते ‘बीटी’ म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानायचे का, आणि अशा पिकांच्या सुरक्षिततेच्या वादाविषयी लिहिताना त्यांतला कोणता वापरावा?

‘जनुकीय संशोधित’ हा शब्द मराठीत वापरू नये. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती किंवा फेरबदल; मराठीत तोच शब्द शोधकार्याला आहे. हिंदी मजकूर घाईने मराठीत आणताना तो तसाच राहून जातो आणि वाचकाची समजूत होते, की ज्याच्या जनुकांवर कोणी संशोधन केले आहे असे हे पीक असावे.

खरा प्रश्न ‘सुधारित’चा आहे, आणि त्या शब्दाच्या बाजूनेही काही म्हणता येते. शासकीय मराठीत ‘सुधारित अंदाजपत्रक’ किंवा ‘सुधारित वेळापत्रक’ म्हणताना ते आधीच्यापेक्षा चांगले आहे असा दावा नसतो. त्यात बदल झाला आहे, एवढेच सांगायचे असते. (एखाद्या गाडीचे सुधारित वेळापत्रक प्रवाशांना किती सुधारलेले वाटते, हा निराळा विषय.) परंतु शेतीच्या मराठीत या शब्दाची जागा फार पूर्वीच ठरून गेलेली आहे. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ‘सुधारित वाण’ असे लिहिले जाते तेव्हा पैदासकारांनी निवड आणि संकर यांच्या आधारे तयार केलेला, चाचण्यांत उतरलेला वाण अभिप्रेत असतो. एका बाजूला ‘गावरान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘संकरित’ यांच्यामध्ये तो उभा असतो, आणि ‘सुधारित अवजारे’ किंवा ‘सुधारित पद्धत’ यांप्रमाणेच त्यात शिफारसही असते. अशा शब्दामागे ‘जनुकीय’ जोडले, की दोन घोटाळे होतात. विद्यापीठाचा साधा सुधारित वाण आणि प्रयोगशाळेत परके जनुक घातलेला वाण यांतील भेद पुसट होतो. शिवाय ज्या गोष्टीच्या भल्याबुऱ्याविषयीच वाद चालू आहे, तिच्या बाजूने निकाल नावातच देऊन टाकला जातो. त्याच न्यायाने विरोधकांचा ‘जनुक-भेसळ’ हा शब्दही मी चर्चेत घेणार नाही. व्याकरणाच्या अंगानेही ‘जनुकीय सुधारित’ ही जोडी अवघडच आहे, कारण त्यात दोन विशेषणे नुसती शेजारी ठेवलेली आहेत. वापरायचाच असेल तर ‘जनुकसुधारित’ असा समास निदान नीट उभा राहतो.

‘जनुकीय परिवर्तित’ या शब्दात स्तुती नाही आणि निंदाही नाही, म्हणून तो मला अधिक पसंत आहे. मात्र त्याची व्याप्ती वाजवीपेक्षा मोठी आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाने घडवलेल्या उत्परिवर्तनांच्या आधारे भुईमुगाचे टीएजी 24 सारखे वाण दिले आणि ते महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पेरले गेले. त्यांच्याही जनुकांत परिवर्तन झालेले आहे, तरी त्यांना या वादात कोणी ओढत नाही आणि जनुकीय अभियांत्रिकीचे 1989 चे नियमही त्यांना लागू होत नाहीत. म्हणून ज्या वाणात दुसऱ्या जीवाचे जनुक मुद्दाम घातले आहे, त्याला ‘पारजनुकीय’ म्हणणे सर्वांत नेमके ठरते. शब्द थोडा जड आहे, हे मान्य. पण पहिल्या उल्लेखात त्याची फोड करून दिली आणि पुढे ‘जीएम’ (‘जेनेटिकली मॉडिफाइड’चे संक्षिप्त रूप) म्हटले, तर वाचक अडखळत नाही.

‘बीटी’ची गोष्ट वेगळी आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूच्या नावाचे ते संक्षिप्त रूप. या जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली, आणि कापूसपट्ट्यात ‘बीटी’ हा शब्द एवढा रुळला की तो कोणत्याही जीएम पिकाचे नाव होऊन बसला. तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कापूस बियाण्याला विदर्भात ‘चोर बीटी’ म्हणतात. नाव झकास आहे. पण त्या बियाण्यातला वादाचा गुण तणनाशक-सहनशीलतेचा आहे, बीटीचा नव्हे. मोहरीला ‘बीटी मोहरी’ म्हणणे तर सरळ चूक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या डीएमएच 11 या मोहरीत बार्नेज, बारस्टार आणि बार ही जनुके आहेत. पहिली दोन संकरित बियाणे तयार करणे सोपे करण्यासाठी, आणि बार हे ग्लुफोसिनेट या तणनाशकाला दाद न देण्यासाठी. वांग्याविषयीचा आक्षेप ‘अळीला मारणारे प्रथिन आपल्या पोटात जाणार’ असा आहे, तर मोहरीविषयीचा एक मोठा आक्षेप ‘शेतात तणनाशकाचा वापर वाढेल’ असा. दोन्हींना ‘बीटी’ म्हटले की एका पिकावरचा आक्षेप दुसऱ्याच्या माथी बसतो. ‘बीटीमुळे दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते’ हे वाक्यही असेच निसटते आहे. आपल्याकडे बीटी कापूस मुख्यतः संकरित स्वरूपात विकला गेला, आणि संकरिताचे बी पुढच्या हंगामात राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही. तो गुण संकराचा आहे. सरळ वाणात तेच जनुक असते तर बी राखता आले असते.

प्रश्नात विचारलेले नाही, पण याच बातम्यांत ‘विष’ हा शब्दही येतो. बीटी वांग्यातले क्राय1एसी हे प्रथिन अळीच्या आम्लारीधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राही रेणूंना चिकटते आणि आतड्याच्या आवरणाला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आतड्यात तसे ग्राही आढळलेले नाहीत. मराठीत ‘विष’ म्हटले की ‘कोणासाठी?’ असे कोणी विचारत नाही. म्हणून ‘अळीला मारक प्रथिन’ असे लिहावे. याचा अर्थ परक्या जनुकाविषयीची प्रत्येक शंका अनाठायी असते, असा नाही. ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये त्या फळाचा ॲलर्जीकारक घटक उतरल्याचे चाचणीत दिसले, 1996 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. म्हणूनच ‘जीएम अन्न सुरक्षित आहे’ आणि ‘जीएम अन्न घातक आहे’ या दोन्ही वाक्यांचा कर्ताच चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही अशीच आहे, की सर्व जीएम अन्नांविषयी एकच सरसकट विधान करता येत नाही; प्रत्येकाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी लागते, आणि सध्या आंतरराष्ट्रीय बाजारात असलेली उत्पादने अशा तपासणीतून गेलेली असून त्यांच्यापासून आरोग्याला धोका संभवत नाही.

निर्णयांची क्रियापदेही जपून वापरावीत. बीटी वांग्याला जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती) या केंद्रीय समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला, आणि नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्या वाणाच्या लागवडीला स्थगिती दिली. ती ‘बंदी’ नव्हती, कारण पुरेसा स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत असे तिचे स्वरूप होते; आज इतक्या वर्षांनी शेतकऱ्याला हा फरक जाणवत नसेल, तरी बातमीदाराने तो राखलाच पाहिजे. त्याच वर्षी समितीच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्द जाऊन तिथे ‘मूल्यांकन’ आला. तेव्हा 2022 मध्ये मोहरीविषयी समितीने ‘मंजुरी दिली’ असे न लिहिता ‘शिफारस केली’ असे लिहावे. बांगलादेशाविषयी मात्र ‘परवानगी दिली’ हेच बरोबर, कारण तिथल्या सरकारने 2013 मध्ये बीटी वांग्याच्या लागवडीला खरोखरच परवानगी दिली.

आता तांदळाविषयी. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेले ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस 1’ हे वाण क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने तयार झालेले आहेत. त्यांत भाताच्याच जनुकांत नेमका बदल केलेला असून दुसऱ्या जीवाचे जनुक ठेवलेले नाही. भारताने 2022 मध्ये अशा प्रकारच्या वनस्पतींना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि ही सूट योग्य की अयोग्य यावरच सध्या वाद आहे. त्यामुळे त्यांना ‘पारजनुकीय’ म्हणता येत नाही आणि ‘जीएम’ म्हटले तर वादात बाजू घेतल्यासारखे होते. ‘जनुकसंपादित’ हा शब्द येथे चपखल बसतो, आणि तो जोडूनच लिहावा.