रंगवलेली मनोली घरात निघाली, आता काय करायचं?

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. एप्रिलमध्ये मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी 'कलर फिंच' म्हणून पक्ष्यांची एक जोडी घेतली. एक गुलाबी, एक पोपटी. दुकानदाराने कच्ची चिठ्ठीही दिली नाही, पैसे मोबाइलवरून घेतले. मे महिन्यात आंघोळीच्या वाटीतलं पाणी गुलाबी होऊ लागलं. जुनी पिसं गळून नवी आली ती तपकिरी, आणि पावसाळा लागताच नराच्या अंगावर लाल रंग चढला, वर पांढरे बारीक ठिपके, चोच लालभडक. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि आता ते म्हणतात, "फॉरेस्टवाल्यांना सांगतो." दुकानदार म्हणतो, "आणून द्या, बदलून देतो." मुलगा म्हणतो, गॅलरीतून सोडून देऊ. ताई विचारतात: मी गुन्हेगार आहे का, आणि यातलं कोणाचं ऐकू?

ताई, तुम्ही वर्णन केलेला पक्षी लाल मनोली आहे, ज्याला बरेच जण लाल मुनिया म्हणतात. उंच गवत, बोरूची बेटं, उसाचे फड ही त्याची घरं. गवताचं बी खातो, गवताचाच गोल खोपा करतो. याच्या इंग्रजी नावात अहमदाबाद दडलेलं आहे, कारण एके काळी हे पिंजऱ्याचे पक्षी तिथून परदेशी जात. बाजारात राजरोस मिळणारी झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाची, ती पाळायला आपला वन्यजीव कायदा आड येत नाही. म्हणूनच देशी मनोलीला रंग फासून 'फिंच' म्हणून खपवतात. फसवणूक तुमची झाली, पण त्याआधी त्या पक्ष्याची झाली.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली देशी मनोली पकडणं ही शिकारच. कलम २ मधल्या 'शिकार' या शब्दात जाळं लावून धरणंही येतं. १९९१ च्या दुरुस्तीपासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद आहे. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून तो ताब्यात ठेवता येत नाही. म्हणजे 'मी विकत घेतला' हे उत्तर होत नाही, उलट कलम ४९ खाली खरेदीही चुकीचीच. कलम ५७ तर आणखी कडक आहे: ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा असल्याचं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याच्या सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्यांसाठी किमान तीन वर्षांची कैद आहे. लाल मनोली त्या अनुसूचीत नाही. तुमच्या बाबतीत २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमाल तीन वर्षं कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि कलम ५४ खाली रक्कम भरून गुन्हा मिटवायची वाटही आहे. तुमच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही आपणहून पुढे येणं.

दुकानदाराकडे पक्षी मुळीच नेऊ नका. मला सर्वांत काळजी याचीच वाटते. तो पुन्हा रंग लावून दुसऱ्या कुणाच्या मुलाला विकेल, आणि संरक्षित प्राणी बेकायदा दुसऱ्याच्या हाती दिल्याचा ठपका तुमच्यावर येईल. आज तुम्ही फसलेल्या ग्राहक आहात. तो पिंजरा त्याच्या हातात दिलात की ती बाजू गेली.

गॅलरीतून सोडणंही नको. मुलाचं मन चांगलं आहे, त्याला रागावू नका. पण तीन महिने पिंजऱ्यात राहिलेला, रंगामुळे पिसं खराब झालेला चार बोटांएवढा पक्षी शहरात कावळ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. त्याचा थवा, त्याचं गवत तिथे नाही. शिवाय तुम्ही पुरावा नाहीसा केला, असंही कुणी म्हणू शकेल.

आजच वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा: कधी घेतले, किती पैसे दिले, मनोली असल्याचं कधी कळलं, पक्षी स्वखुशीने सुपूर्द करत आहे. कलम ३९ मध्ये ताबा मिळाल्यापासून ४८ तासांत कळवायचं असतं. काटेकोर मोजलं तर ती मुदत तुमच्या हातून गेली आहे, हे लपवू नका. मात्र रंग उतरेपर्यंत कळण्याचा मार्गच नव्हता हे ठसठशीत लिहा. अर्जाची पोच घ्या, पक्षी देताना पंचनाम्याची प्रत मागा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, अशा पक्ष्यांवर तिथे उपचार होतात.

एप्रिलमधले रंगीत फोटो, आत्ताचे फोटो, पैसे दिल्याची नोंद, दुकानदाराचे 'बदलून देतो' हे मेसेज, सगळं जपून ठेवा. जबाबात दुकानाचं नाव सांगा. पक्ष्याला रंग फासून त्याचे हाल करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसतं. पैसे परत मिळवायला ग्राहक आयोगाची वाट आहे, पण तो विषय पक्षी सुखरूप गेल्यावर.

शेजाऱ्यांना स्वतः कोर्टात तक्रार करायची तर कलम ५५ प्रमाणे किमान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. वनविभागाला मात्र ते आज संध्याकाळीही कळवू शकतात. तुमचा अर्ज त्यांच्या फोनच्या आधी पोचला पाहिजे, म्हणून हे उत्तर वाचून होताच बसा आणि लिहा.

तोवर पिंजरा सावलीत ठेवा, राळा आणि ताजं पाणी द्या, उरलेला रंग साबणाने घासून काढायला जाऊ नका. आणि सुपूर्द करायला जाताना मुलालाही बरोबर न्या. त्याने त्यांना तीन महिने दाणा घातला आहे, ती कुठे जातात हे त्याने स्वतः पाहावं.