फिक्स्ड की रँडम? आधी अभ्यास नीट वाच

थिसिसमध्ये मेटा-अ‍ॅनालिसिस करायचं, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मोजायचे, तर सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी मॉडेल ठरवून टाक. फिक्स्ड मॉडेल सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच धरतं, रँडम तो अभ्यासागणिक बदलतो असं धरतं. 'आय-स्क्वेअर ५० टक्क्यांच्या वर गेला तर रँडम, नाहीतर फिक्स्ड' हे वाक्य सीनियरच्या थिसिसमधून उचलू नकोस (आय-स्क्वेअर म्हणजे निकालांतल्या फरकातला योगायोगापलीकडचा वाटा). प्रश्न वेगळाच आहे: सगळे अभ्यास एकच परिणाम मोजतायत, असं तुला खरंच वाटतं का?

तुझ्याच विषयातलं बघ. टीबीवरच्या बीसीजी लसीच्या तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू चाचणीत मोठ्यांना फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण जवळपास मिळालंच नाही. ब्रिटनच्या शाळकरी मुलांत ते ७५ टक्क्यांच्या वर होतं. विषुववृत्तापासून लांब जावं तसा फायदा वाढतो. इथे फिक्स्डचा एकच आकडा फसवा. नुसती रँडमची सरासरीही परळच्या ओपीडीत कामाची नाही. प्रेडिक्शन इंटरव्हल दे, म्हणजे नव्या ठिकाणी परिणाम किती ते किती असू शकेल ते दिसेल. अक्षांश घेऊन मेटा-रिग्रेशन कर, म्हणजे अक्षांशानुसार परिणाम कसा बदलतो ते कळेल.

पण रँडम म्हणजे सुरक्षित, असंही नाही. त्यात छोट्या अभ्यासांचं वजन वाढतं. हार्ट अटॅकमध्ये मॅग्नेशियम द्यावं असं छोट्या चाचण्या सांगत होत्या. १९९५ साली आयसिस-४ने ५८ हजारांवर रुग्ण घेतले, फायदा दिसला नाही. रँडम मात्र तरीही छोट्यांकडेच झुकतं. म्हणून दोन्ही मॉडेल चालव. उत्तरं फारच वेगळी आली तर फनेल प्लॉट काढून बघ; छोटे अभ्यास एकाच बाजूला झुकलेत का, ते त्या आलेखात दिसतं.

तीन-चारच अभ्यास असतील तर टाऊ-स्क्वेअरवर (अभ्यासाअभ्यासांतल्या खऱ्या फरकाच्या अंदाजावर) भरवसा ठेवू नकोस. १९८६ची डरसिमोनियन-लेअर्ड ही रँडम मॉडेलची जुनी पद्धत तिथे कॉन्फिडन्स इंटरव्हल उगाच अरुंद दाखवते. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये मेटाफॉर (metafor) पॅकेज वापर, टाऊ-स्क्वेअर काढायची रेमल (REML) पद्धत आपोआप येते, इंटरव्हल दुरुस्त करणारी हार्टुंग-नॅप सुधारणा तेवढी स्वतः लाव. इंटरव्हल बराच रुंद येईल, गाईड कुरकुरतील. कुरकुरू देत.