पोलिसांच्या वायरलेसवर 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' का म्हणतात? सरळ ए, बी, सी का नाही?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: अक्षराऐवजी अख्खा शब्द कशाला, अमेरिकन पोलीस 'अ‍ॅडम, बॉय' असं वेगळंच का म्हणतात, आणि आपल्यासारख्यांनी हे शिकून काही फायदा आहे का. मी पोलिसात नाही. हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम आहे. पण अडचण दोघांची एकच असते: समोरचा दिसत नाही, आवाज फाटका येतो आणि अक्षर चुकून चालत नाही.

इंग्रजी अक्षरांची नावं जरा मोठ्यानं म्हणून बघा. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही. शेपूट सगळ्यांचं 'ई'. फरक काय तो सुरुवातीच्या व्यंजनात, आणि ते व्यंजन डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. त्यातून साध्या टेलिफोन लाइनवर जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. बोलण्यासाठीच्या रेडिओचंही साधारण तसंच. 'एस' आणि 'एफ' वेगळे ओळखू येतात ते बरंचसं त्याहून वरच्या पट्टीतल्या आवाजामुळे, आणि नेमका तोच कापला जातो. 'एम' आणि 'एन' तर शांत खोलीतही फसवतात. मग मागे सायरन, वारा, इंजिन आणि धापा टाकणारा माणूस असेल तर काय होत असेल?

शब्द लांब असला की अर्धा कानावर पडला तरी काम होतं. सिग्नल वरखाली होत असताना मी कॉलसाइन, म्हणजे समोरच्या रेडिओ केंद्राचं अक्षर-आकड्यांचं नाव, उतरवून घेतो, तेव्हा कानात येतं ते असं: '...बेक ...फॉर्म ...एरा'. तेवढ्यावर केबेक, युनिफॉर्म, सिएरा ओळखून कागदावर क्यू, यू, एस लिहून मोकळा होतो, कारण अल्फा-ब्राव्होच्या यादीत 'बेक'नं संपणारा शब्द केबेक सोडून दुसरा नाही. हीच अक्षरं नुसती 'क्यू, यू, एस' अशी आली असती, तर पहिली दोन एकमेकांत मिसळली असती.

'मग मनाला येईल तो शब्द का नको?' असं बरेच जण विचारतात. कारण घाईत माणूस 'बी फॉर बॉल' म्हणतो, पलीकडच्याला 'डी फॉर डॉल' ऐकू येतं, आणि दोघांनाही वाटतं की जमलं. शब्द एकेकटा चांगला असून भागत नाही. तो यादीतल्या उरलेल्या पंचवीस शब्दांपासून लांब असावा लागतो, आणि ते ताण डोक्यावर असताना आयत्या वेळी कुणालाच ठरवता येत नाही.

हे शहाणपण हळूहळू आलं. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या पद्धतीत फक्त गोंधळ घालणाऱ्या मोजक्या अक्षरांना नावं होती: ए म्हणजे अ‍ॅक, एम म्हणजे एमा, पी म्हणजे पिप, टी म्हणजे टॉक. विमानविरोधी तोफांना 'अ‍ॅक-अ‍ॅक' म्हणतात ते तिथूनच. दुसऱ्या महायुद्धात 'एबल, बेकर'ची यादी आली. पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीची होती, आणि युद्धानंतर आकाशात फ्रेंच, स्पॅनिश बोलणारे वैमानिकही होते. तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ जाँ-पॉल विने यांच्याकडे हे काम दिलं. 1 नोव्हेंबर 1951 पासून नवी यादी लागू झाली आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. खरखरीत 'नेक्टर' आणि 'व्हिक्टर' सारखेच वाटायचे, 'डेल्टा' आणि 'एक्स्ट्रा'सुद्धा. पुन्हा चाचण्या झाल्या. कोका, मेट्रो, नेक्टर, युनियन आणि एक्स्ट्रा हे पाच शब्द गेले, आणि 1 मार्च 1956 पासून जी यादी लागू झाली तीच आजही चालते.

त्या काळच्या चाचण्यांमधली एक गोष्ट मला फार आवडते. 'फुटबॉल' हा शब्द एकटा उच्चारला तर 'फॉक्सट्रॉट'पेक्षा जास्त नीट कळतो, पण लांबलचक संदेशात फॉक्सट्रॉट सरस ठरतो. म्हणून तो राहिला. हा सगळा खटाटोप ऐकणाऱ्यासाठी आहे, बोलणाऱ्याच्या सोयीसाठी नाही.

आता 'अ‍ॅडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड'. ही अमेरिकेतल्या पोलीस आणि आपत्कालीन संदेशवहनवाल्यांच्या संघटनेची, अ‍ॅपकोची यादी, आयकाओच्या आधीची. ती टिकली कारण ती कामाच्या रचनेतच मुरली. लॉस एंजेलिसमध्ये गस्तीच्या गाडीच्या नावात 'अ‍ॅडम' असेल तर आत दोन पोलीस, 'लिंकन' असेल तर एकच. कंट्रोल रूमला मदतीला कोण किती जणांनिशी निघालंय हे नावावरूनच कळतं. अशी सवय मोडायला कुणी सहज तयार होत नाही, आणि माझ्या मते आपल्या हद्दीपुरतं त्यात काही बिघडत नाही. मात्र दुसऱ्या देशाच्या किंवा दुसऱ्या सेवेच्या माणसाशी बोलायचं असेल तर आयकाओचीच यादी हवी.

यादी म्हणजे निरुपद्रवी तांत्रिक गोष्ट, असं मात्र समजू नका. जर्मनीत 1934 साली नाझींनी डेव्हिड, नाथान, सॅम्युएल ही ज्यू नावं टेलिफोनवर अक्षरं सांगायच्या शब्दयादीतून काढून टाकली. नाथानच्या जागी 'नॉर्डपोल' (उत्तर ध्रुव) आला आणि युद्ध संपल्यावरही कित्येक दशकं तसाच राहिला. 2022 मध्ये तिथल्या मानक संस्थेनं कार्यालयीन वापरासाठी शहरांच्या नावांची नवी यादी काढली. मला हे वाचून बरं वाटलं, उशीर फार झाला असला तरी.

एक गैरसमजही दूर करतो: अल्फा-ब्राव्हो ही सांकेतिक भाषा नाही. उलट, सगळ्यांना कळावं म्हणूनच ती आहे. पोलिसांचे '10-4'सारखे टेन-कोड, म्हणजे ठरावीक वाक्यांऐवजी म्हणायचे आकडे, वेगळे. तिथला सुरुवातीचा 'टेन' जुन्या यंत्रांमुळे आला. बटण दाबल्यावर ट्रान्समीटर तयार व्हायला क्षणभर लागायचा आणि पहिला उच्चार वाया जायचा, म्हणून वाया घालवायला एक शब्द पुढे ठेवला. पण हे कोड खात्याखात्यात बदलतात, त्यामुळे मोठ्या आपत्तीत, जिथे अनेक सेवा एकत्र येतात, तिथे सरळ साध्या भाषेत बोलणंच योग्य. आकड्यांचीही काळजी घेतलेली आहे: फाइव्ह आणि नाइन गडबडतात म्हणून विमानवाले 'फाइफ' आणि 'नाइनर' म्हणतात.

तुम्ही शिका, नक्की शिका. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, केबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. क्रमानं पाठ करून उपयोग नाही, कारण गरज पडते ती मधल्याच अक्षराची. रस्त्यानं जाताना गाड्यांच्या नंबरप्लेट मनात वाचत चला, काही दिवसांत शब्द आपोआप तोंडात येतात. अपघाताची खबर देताना पलीकडच्याला ही यादी माहीत नसली तरी अडत नाही, 'व्ही, व्हिक्टरचा व्ही' म्हटलं की कळतं. तीन-तीन अक्षरं सांगून थांबा, समोरच्याला लिहू द्या, आणि फोन ठेवायच्या आधी त्याच्याकडून सगळं परत वाचून घ्या.