उपनगरातल्या बस दुपारी रिकाम्या धावतात, मग तिथे लहान गाड्या का लावत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या घरासमोरून दुपारी मोठी बस जाते, आत जेमतेम सात-आठ माणसं असतात, मग तिथे वीस आसनांची गाडी का लावत नाहीत? हा निव्वळ आडमुठेपणा आहे का? आडमुठेपणा थोडाफार असतोच, तो नाकारत नाही. मी काही वर्षं बसची वेळापत्रकं बसवण्याच्या कामात होते आणि हाच प्रश्न मला ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनी विचारलाय. कामाला लागायच्या आधी मीही हेच विचारायचे.

आधी तुम्ही बस कुठून बघता ते सांगा. घर मार्गाच्या टोकाकडे असेल तर तुम्हाला दिसणारी प्रत्येक बस रिकामीच दिसणार. शेवटच्या थांब्यापर्यंत गच्च भरलेली बस सहसा कुठेच नसते. आम्ही भार मोजायला जायचो तेव्हा हातात एक साधा कागद असायचा. डावीकडे थांब्यांची नावं, पुढे दोन रकाने: चढले, उतरले. तिसरा रकाना हिशोबाने भरायचा: आत उरले. पहिल्या थांब्यावर चार चढतात, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर कुणीच नाही. पाच-सहा थांबे असेच जातात. मग आकडा फुगायला लागतो, आणि रेल्वे स्थानक किंवा मोठा चौक यायच्या आधीच्या थांब्यावर तो सगळ्यात मोठा होतो. त्या ओळीला मी पेन्सिलने गोल करायचे. गाडीचा आकार त्या गोलातला आकडा ठरवतो. पुढच्याच थांब्यावर निम्मी बस उतरून जाते आणि तुमच्या गॅलरीपर्यंत उरतात ती सात-आठ माणसं.

हे झालं अंतराचं. वेळेचंही तसंच. सकाळी सव्वाआठला दारातल्या पायरीवर माणसं लटकलेली असतात आणि दीड वाजता त्याच गाडीत चालकाला आरशात रिकामी बाकं दिसतात. तीच गाडी, तोच मार्ग. १२ मीटर लांबीच्या नेहमीच्या बसमध्ये तीस ते चाळीस आसनं असतात, उभे प्रवासी धरून सत्तर-ऐंशी माणसं मावतात. सकाळच्या त्या दीड-दोन तासांसाठी एवढी मोठी गाडी घ्यावीच लागते. आणि एकदा घेतली की दुपारी ती मोठीच राहते, आक्रसत नाही.

इथे लोक म्हणतात, मग दुपारी गाडी बदला ना. सकाळी मोठी, दुपारी लहान. ऐकायला बरोबर वाटतं, पण प्रत्यक्षात काय होतं बघा. मोठी गाडी आगारात परत न्यायची, लहान गाडी काढून मार्गावर आणायची, संध्याकाळी पुन्हा उलटं. प्रवासी नसताना धावलेल्या या अंतराला आम्ही डेड किलोमीटर म्हणतो, आणि उपनगरात आगार लांब असलं की ते झपाट्याने वाढतात. त्या वेळात चालकाचा पगार चालूच असतो. शिवाय एका मार्गासाठी दोन ताफे विकत घ्यायचे आणि त्यातला एक सदा उभा ठेवायचा. सुटे भाग दोन प्रकारचे, कार्यशाळेतली हत्यारं दोन प्रकारची, राखीव गाड्याही दोन प्रकारच्या. इंधन नक्की वाचतं, पण या सगळ्यापुढे ती बचत किरकोळ ठरते.

आम्ही एकदा हा प्रयोग केला होता. तक्रारी फार आल्या म्हणून एका मार्गावर दुपारच्या फेऱ्यांना लहान गाडी लावली. पंधरवडाभर सगळे खूश. मग एका संध्याकाळी मोठी गाडी आगारातच बिघडली, राखीव गाडी आधीच दुसरीकडे गेलेली, म्हणून लहानच गाडी पुढे रेटली. सहाच्या फेरीला तिने पहिल्या चार थांब्यांवरची माणसं उचलली आणि पुढच्या थांब्यांवर न थांबता निघून गेली, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आलेला तक्रारींचा गठ्ठा आधीच्या सगळ्या तक्रारींपेक्षा जाड होता. रिकाम्या बसबद्दल लोक कुरकुरतात. थांब्यावर न थांबता गेलेली बस मात्र ते वर्षभर विसरत नाहीत.

पण खरी गोम वेगळीच आहे. बसला एकच चालक लागतो, मग ती वीस आसनांची असो की ऐंशी माणसांची. बस चालवण्याच्या खर्चात पगार हा सगळ्यात मोठा भाग, आणि जिथे वेतनमान चांगलं आहे तिथे तो एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त भरतो. आता हिशोब करा. समजा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला पन्नास मिनिटं लागतात आणि प्रत्येक टोकाला दहा मिनिटं विसावा. म्हणजे एका गाडीची पूर्ण चक्कर दोन तासांची. दर वीस मिनिटांनी बस हवी तर सहा गाड्या, सहा चालक. निम्म्या क्षमतेच्या गाड्या लावून सकाळची तेवढीच गर्दी न्यायची तर गाड्या बारा आणि चालकही बारा. प्रवाशाला दर दहा मिनिटांनी बस मिळेल, हे उत्तमच. पण लहान गाडी म्हणजे काटकसर, या समजुतीला तिथेच सुरुंग लागतो.

हे कुणी करूनच पाहिलं नाही असं समजू नका. इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरात १९८४ साली मोठ्या बस काढून त्यांच्या जागी १६ आसनी फोर्ड ट्रान्झिट मिनीबस आणल्या, आणि फेऱ्या इतक्या वाढवल्या की वेळापत्रक बघायची गरज उरू नये. लोक खरंच वाढले. १९८६ मध्ये लंडन वगळता ब्रिटनभर बससेवा खासगी कंपन्यांच्या स्पर्धेला खुली झाली आणि असल्या मिनीबसचं पीक आलं. पण त्या मुळात माल वाहायच्या व्हॅनवर आसनं बसवून बनवलेल्या गाड्या. दिवसभर दर दोनशे मीटरला थांबायचं, निघायचं, दार उघडायचं, मिटायचं, हे त्यांच्या हाडाला झेपणारं नव्हतं. १९९० च्या दशकात बहुतेक ठिकाणी त्यांची जागा जरा मोठ्या, मुळात बस म्हणूनच बांधलेल्या मिडी बसनी घेतली. यश लहान आकाराचं नव्हतं, वारंवारतेचं होतं. आणि यशामुळे लोक वाढले की लहान आकारच अंगाशी येतो.

टिकाऊपणावरून आठवलं. अमेरिकेत सरकारी अनुदानातून घेतलेल्या मोठ्या बसने किमान १२ वर्षं किंवा ५ लाख मैल, म्हणजे सुमारे ८ लाख किलोमीटर, सेवा द्यावी असा दंडक आहे. सगळ्यात हलक्या व्हॅनसारख्या गाडीसाठी तोच दंडक ४ वर्षं किंवा १ लाख मैल. शोरूममधला स्वस्तपणा इथे वसूल होतो. एका मोठ्या बसच्या आयुष्यात अशा लहान गाड्या तीनदा विकत घ्याव्या लागू शकतात.

हाँगकाँगचं उदाहरण लोक माझ्या तोंडावर फेकतात, तेही बघू. तिथल्या मिनीबस १९६९ मध्ये अधिकृत झाल्या. १४ आसनं होती, १९८८ मध्ये १६ झाली आणि २०१७ पासून १९ पर्यंत मुभा आहे. म्हणजे तिथेही आकार वरच सरकत गेलाय. शिवाय उभ्याने प्रवास करायला परवानगी नाही, आणि गाड्यांची एकूण संख्या ४,३५० वर गोठवलेली आहे. त्या चालतात, कारण त्यांच्या शेजारी गच्च भरलेल्या दुमजली बस आणि मेट्रो मुख्य ओझं वाहतात. मिनीबस उरलेल्या चढ-उताराच्या, अरुंद गल्ल्या सांभाळतात.

आणि हो, लहान गाडीच योग्य अशा जागा खरंच असतात. पहिली म्हणजे रस्ताच अरुंद. युरोपात बसला वळायला जे वर्तुळ गृहीत धरतात त्याची बाहेरची त्रिज्या १२.५ मीटर आणि आतली ५.३ मीटर असते. तुमच्या वसाहतीतल्या कोपऱ्यावर तेवढी जागा नसेल, वर एखादी मोटार आडवी लावलेली असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. दुसरी जागा म्हणजे जिथे सकाळचा गोल केलेला आकडाही पंधरा-वीसच्या पुढे जात नाही, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत जाण्याची चिन्हंही नाहीत. अशा मार्गावर मोठी बस लावणं हा आळस आहे, आणि तो मी आतून पाहिलाय. ताफा एकाच प्रकारचा ठेवला की सगळ्यांचं काम सोपं होतं, मग मार्गाला काय हवं हे कोण बघतो?

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये बससेवेचं गणित मांडलं. सोप्या शब्दांत, प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की थांब्यावरचं ताटकळणं कमी होतं, म्हणजे नव्याने आलेला प्रवासी जुन्यांचाही फायदा करतो. त्याच गणितातून असंही निघतं की फेऱ्या प्रवाशांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवाव्यात. प्रवासी चौपट झाले तर फेऱ्या दुप्पट, आणि उरलेली दुप्पट गाडीच्या पोटात. म्हणून वाढत्या मार्गावर आधी फेऱ्या वाढतात आणि त्यांच्या मागोमाग गाडीही मोठी होत जाते. तुमच्या मार्गावर दर चाळीस मिनिटांनी बस असेल, तर गाडी मोठी आहे की लहान हा प्रश्नच मला गौण वाटतो. चाळीस मिनिटांच्या बसवर कुणी आयुष्य बेतत नाही. माणूस दुचाकी घेतो, बस आणखी रिकामी होते, कार्यालयात कुणीतरी म्हणतं प्रवासीच नाहीत, आणि पुढच्या वेळी ती साठ मिनिटांची होते.

मोठ्या गाडीतही निवड असते. उपनगरातला प्रवास लांबचा, तासाभराचा, त्यामुळे बसायला जागा मिळणं महत्त्वाचं. तिथे दुमजली बस शोभते, कारण तेवढ्याच लांबीत जवळजवळ दुप्पट आसनं मिळतात. पण जिन्यावरून चढ-उतार सावकाश होते, म्हणून दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या मार्गावर तीच गाडी डोकेदुखी होते. तिथे मधोमध भाता असलेली १८ मीटरची जोडबस बरी. दारं जास्त, शंभराहून जास्त माणसं, बहुतेक उभी. ब्राझीलच्या कुरितिबामध्ये तीन डब्यांच्या बस धावतात, पण त्यांना स्वतंत्र मार्गिका आहे, आणि त्या थांब्यांवर तिकीट आधीच काढलेलं असतं. तसल्या सोयीशिवाय नुसती लांब गाडी आणली तर ती चौक अडवून उभी राहते. विजेच्या बसबद्दल एवढंच की बॅटरीचं वजन टनांमध्ये असतं आणि ते प्रवासी-क्षमतेतूनच वजा होतं. म्हणून सकाळच्या गर्दीचा आकडा आधी तपासावा आणि मगच गाडी निवडावी.

मोबाइलवर बोलावायच्या बसचं काय, हेही खाली कुणीतरी विचारेलच. हेलसिंकीत २०१२ ते २०१५ अशी सेवा चालली, कुत्सुप्लुस नावाची, ९ प्रवाशांच्या १५ गाड्या. वापरणाऱ्यांना आवडली होती. पण पंधरा गाड्या मोठ्या शहराला पुरत नाहीत आणि वाढवायच्या तर प्रत्येक प्रवाशामागे अनुदान फार लागतं, म्हणून ती बंद केली. चालकाचा हिशोब इथेही सुटत नाही. एका तासात एक चालक दारोदार फिरून मोजकीच माणसं उचलू शकतो.

तुमच्या भागात बस रिकामी असण्याचं एक कारण मार्गाच्या आकारातही असू शकतं. उपनगरातला मार्ग नकाशावर उलगडून बघा, बहुतेक वेळा तो शेवयांसारखा दिसतो. प्रत्येक वसाहतीच्या फाटकापर्यंत आत शिरून बाहेर येतो, कारण कधीतरी कुणीतरी मागणी केली आणि नाही म्हणायला कुणी धजावलं नाही. आत शिरायला पाच मिनिटं, तिथे चढतात सहा जण, आणि आधीपासून बसलेले चाळीस जण प्रत्येकी पाच मिनिटं गमावतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने २०१५ मध्ये हा गुंता एका फटक्यात सोडवला. आधी तिथल्या परिवहन संस्थेच्या बोर्डाने ठरवलं की ८० टक्के सेवा जास्तीत जास्त प्रवासी मिळवण्यासाठी आणि २० टक्के सगळीकडे पोहोचण्यासाठी. मग मार्ग सरळ केले आणि वारंवार धावणाऱ्या बसचं जाळं रविवारीही चालू ठेवलं. मला यातला आवडलेला भाग म्हणजे तो आकडा आधी उघडपणे सांगितला गेला. बहुतेक ठिकाणी काही बस माणसं वाहण्यासाठी आणि काही बस फक्त 'तुमच्याकडेही बस आहे' हे दाखवण्यासाठी धावतात, पण कोणती कशासाठी हे कुणी कबूल करत नाही. तुमच्या दारावरून जाणारी दुसऱ्या प्रकारातली असेल, तर ती रिकामी असणारच.

तेव्हा परिवहन कार्यालयात अर्ज करणार असाल तर लहान गाडीची मागणी करू नका. ती मान्य झाली तरी बहुधा फेऱ्या तेवढ्याच राहतील, फक्त आसनं कमी होतील. तीन गोष्टी विचारा: या मार्गावर सर्वाधिक भार कोणत्या थांब्यापाशी असतो, सकाळच्या सगळ्यात गर्दीच्या तासात तो किती असतो, आणि आहेत त्याच गाड्यांत मार्ग सरळ करून फेऱ्यांमधलं अंतर किती कमी होईल. उत्तर मिळालं नाही तर स्वतः मोजा. दोन माणसं, एक घड्याळ, दोन रकान्यांचा कागद आणि आठवड्याच्या मधल्या दोन सकाळी पुरतात. स्थानकाच्या अलीकडच्या थांब्यावर उभे राहा. सोमवारी मोजू नका, सुट्टीला लागून आलेल्या दिवशीही नको. आणि पाठोपाठ दोन बस आल्या तर दोन्ही मोजा. पुढची उशिरा आल्यामुळे दोघींची माणसं घेऊन तुडुंब असते, मागची रिकामी दिसते, आणि नुसती मागची लिहून घेणारे मी बरेच पाहिलेत.