कॅप्सूलची डबी अजून कपाटातच आहे

"माई, आमचा बिट्टू पामेरियन आहे. अकरा वर्षांचा, वजन नऊ किलो. वर्षभरापासून पाणी फार पितो, घरात लघवी करतो, पोट सुटलंय, पाठीवरचे केस गेले. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. आता जळगावच्या डॉक्टरांनी दिवसभर बसवून तीन वेळा रक्त काढलं, सोनोग्राफी केली आणि कुशिंग नावाचा आजार सांगितला. ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. डोस जास्त झाला तर जिवावर बेतू शकतं, असं ते म्हणाले तेव्हापासून डबी कपाटातच ठेवली आहे, माझा हात होत नाही. रात्री त्याचं पाणी उचलून ठेवते. लघवीवरून त्याला दोनदा मारलंसुद्धा, ते आठवून आता रडू येतं. खाजेसाठी आम्ही त्याला वर्षानुवर्षं इंजेक्शनं दिली, त्यानंच हे झालं का? आमचे हे म्हणतात, कुत्र्याला कुठं असले आजार असतात, एवढ्या पैशात म्हैस आली असती. लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे, बिट्टू तिचा जीव की प्राण. काय करू? आणि थांबायचं कधी, ते कसं कळेल?"
(एक ताई, रावेर तालुका)

ताई,

बाकी सगळं नंतर बोलू. आज रात्रीपासून पाण्याचं भांडं जागचं हलवू नका.

बिट्टू जास्त पितो म्हणून जास्त मुततो, असं आपल्याला वाटतं. या आजारात ते उलटं असतं. अंगात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. पाणी निघून जातं आणि मग ते भरून काढायला तो पितो. तुम्ही भांडं उचललंत तरी लघवी व्हायची ती होणारच, तो फक्त आतून सुकत जाणार. त्यात आपला रावेर-भुसावळचा उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या घरात. या आजाराचे कुत्रे आधीच धापा टाकत असतात. दोन भांडी ठेवा, एक घरात आणि एक ओट्यावर सावलीत. लघवीसाठी जुनी सतरंजी किंवा गोणपाट टाका आणि झोपण्याआधी एकदा बाहेर फिरवून आणा. लघवीला वास फार असेल किंवा थेंब थेंब होत असेल तर लघवीची तपासणीही करून घ्या, कारण या कुत्र्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो वरून दिसत नाही.

मारलंत त्याचं मनाला लावून घेतलंय, ते कळतं. पण तेव्हा तो आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. शंका आल्यावर तुम्ही त्याला घेऊन जळगाव गाठलंत.

आता तुमच्या 'ह्यां'चा प्रश्न. हा आजार आधी माणसांतच ओळखला गेला. हार्वे कुशिंग या अमेरिकी मेंदूच्या सर्जननं 1912 साली त्याची नोंद केली, म्हणून त्याचं नाव. कुत्र्यांत तर तो माणसांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, बहुतेक उतारवयात. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असतं. तिथं एक बारीकशी गाठ होते, बहुतेक वेळा साधी, कर्करोगाची नसलेली. ती गाठ मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथींना सारखा हुकूम सोडत राहते आणि कॉर्टिसोल वाढतच जातं. बाकीच्यांत गाठ अॅड्रिनलमध्येच असते. सोनोग्राफी त्यासाठीच केली असणार, तेव्हा यातलं कुठलं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पुढचा रस्ता त्यावर बदलतो. वाढलेली भूक, सुटलेलं पोट, गेलेले केस, पातळ कातडी, पायऱ्या चढताना दमणं, सगळं त्या एका कॉर्टिसोलमुळे. वयामुळे असं होतं असं वाटणं साहजिक होतं. पुष्कळ घरांत हा आजार असाच महिनोन् महिने लपून राहतो.

खाजेच्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हा नुसता मनाला खाणारा प्रश्न नाही, उपचाराचा प्रश्न आहे. खाजेवर देतात त्यांतली पुष्कळ औषधं स्टेरॉइडची असतात: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. गोळी, इंजेक्शन, कानात घालायचे थेंब, मलम, काहीही असू शकतं. ती दीर्घकाळ चालू राहिली तर बाहेरून मिळालेल्या स्टेरॉइडमुळेही हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. फरक इतकाच की तेव्हा कुत्र्याची स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असते. अशा कुत्र्याला ट्रायलोस्टेन द्यायचं नसतं, स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं असतं. एकदम बंद केलं तर तोही धोकाच. म्हणून घरातल्या जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिप, मलमाच्या ट्यूबा, सगळं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. रक्त काढलं त्या आठवड्यांत यातलं काही सुरू होतं का, एवढंच नेमकं सांगा. डॉक्टरांनी हे विचारलंही असेल, पण आपण गडबडीत "काही नाही हो, साधं मलम" म्हणून मोकळे होतो. इंजेक्शनांनी झालंय असं निघालं तरी त्यात तुम्ही गुन्हा केलेला नाही. खाजेनं रात्र रात्र अंग ओरबाडणाऱ्या जनावराला तुम्ही आराम दिलात.

हे एकदा पक्कं झालं की कपाटातली डबी.

ताई, तुमची भीती खोटी नाही. ट्रायलोस्टेन कॉर्टिसोल तयार होऊ देत नाही. डोस त्या कुत्र्याला जास्त पडला तर कॉर्टिसोल गरजेपेक्षा खाली जातं आणि मग कुत्रा खरंच कोसळू शकतो. पण डॉक्टरांनी हे सांगितलं ते तुम्ही लक्ष ठेवावं म्हणून, औषध देऊच नये म्हणून नव्हे. या औषधाचा जोर बहुतेक वेळा दिवसभरात उतरतो, त्यामुळे वेळीच थांबवलं तर बहुतेक कुत्रे सावरतात. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते वेळेत ओळखण्यावर, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? अकरा वर्षं तुम्ही त्याचा चेहरा वाचताय.

नियम एकच पाळा. कॅप्सूल नेहमी खाण्याबरोबर द्यायची, आणि बिट्टूनं सकाळी खाल्लं नाही तर त्या दिवशी ती न देता डॉक्टरांना फोन करायचा. कुशिंगचा कुत्रा खाण्याला नाही म्हणत नाही, सारखी त्याची नजर तुमच्या ताटावर असते. असा कुत्रा भाकरीवरून तोंड फिरवतो तेव्हा ती मोठी खूण समजायची. उलटी, जुलाब, अंग गाळून पडणं, थरथरणं, पाय न टेकणं, यातलं काही दिसलं तरी तेच: कॅप्सूल थांबवा आणि फोन करा. आडवाच पडला तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना.

कुठला दवाखाना, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. रात्री दहाला रावेरच्या बाजूच्या गावातून जळगाव गाठायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघतात, पण सलाइन लावणं आणि इंजेक्शन देणं त्यांच्या रोजच्या हातचं काम आहे. तुम्ही आत्ताच जळगावच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: हा कुत्रा ट्रायलोस्टेनवर आहे, डोस इतका, कोसळला तर अमुक करावं, माझा नंबर हा. त्या चिठ्ठीची एक प्रत तालुक्याच्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा आणि एक त्या डबीला रबर लावून ठेवा. माझ्या मते तुमची अर्धी भीती या एका कागदानं जाईल.

सुरुवातीला साधारण दहा ते चौदा दिवसांनी रक्ततपासणी होते, मग महिन्यानं आणि पुढे दर तीनेक महिन्यांनी. तपासणीच्या दिवशी त्याला उपाशी नेऊ नका. आपल्याला रक्त तपासायचं म्हणजे उपाशीपोटी अशी सवय आहे, पण या औषधात ते चालत नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरी खाऊ घालून कॅप्सूल द्या, घड्याळ बघून वेळ लिहा आणि त्यानंतर चार ते सहा तासांत किंवा डॉक्टर सांगतील त्या वेळी रक्त निघेल अशा बेतानं एसटी धरा. वेळ चुकली तर आकडा फसवा येतो आणि त्यावरून डोस चुकीचा ठरतो. कॅप्सूल फोडून अर्धी करू नका. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनी.

आता लेकीबद्दल. बिट्टूला औषध देण्याचं काम तिच्याकडे अजिबात देऊ नका. गरोदर बाईनं ही कॅप्सूल हाताळू नये, औषधाच्या वेष्टनावरही तसा इशारा असतो. तुम्ही द्या, नंतर साबणानं हात धुवा आणि डबी तिच्या पुढ्यात येणार नाही अशी वर ठेवा. बाकी बिट्टूला जवळ घेणं, कुरवाळणं तिनं खुशाल करावं. हा आजार कुणाला लागत नाही.

खाण्यातलं एक सांगते, कारण आपल्या घरांत हात सैल असतो. शेव, फरसाण, भाजीवरची तर्री, तळलेलं काहीही त्याला आता नको. या आजारात रक्तात चरबी वाढते आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

एक वही करा. लिटरची बाटली घ्या, सकाळी मोजून भांड्यात ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं परत बाटलीत ओतून मोजा. ओट्यावरच्या भांड्यातलं चिमण्या-कावळे पितात, म्हणून मोजायच्या दोन-तीन दिवसांत तेवढं घरातलंच भांडं ठेवा. निरोगी कुत्रा किलोमागे दिवसाला साधारण पन्नास-साठ मिली पितो. शंभराच्या वर गेलं तर ते जास्तच. बिट्टू नऊ किलोचा, म्हणजे नऊशे मिली ही त्याची रेघ. कॅप्सूल सुरू करण्याआधीचे आकडे लिहून ठेवा आणि नंतरचे त्याखाली. औषध लागू पडलं तर पाणी आणि भूक काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. केसांना मात्र महिने लागतात, तीन ते सहा. केस आले नाहीत म्हणून औषध वाया गेलं असं समजू नका.

पैशाचं बोलते, कारण ते न बोलणं खोटेपणाचं होईल. कॅप्सूल आणि तपासण्या जन्मभर चालतात. डॉक्टरांकडून वर्षाचा अंदाज लिहून घ्या आणि तो कागद घेऊन 'ह्यां'च्या समोर बसा. केळीचा भाव पडलेल्या वर्षी घरात हा प्रश्न निघाला तर त्यात त्यांचं मन कठोर आहे असं नाही. पण म्हशीशी तुलना मला मान्य नाही. म्हैस दूध देते, बिट्टूनं अकरा वर्षं तुमचं घर राखलंय आणि तुमची लेक त्याच्यासोबत वाढली आहे. आणि समजा, खरंच झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. लक्षणं फारशी त्रासाची नसतील तर पुष्कळ डॉक्टर स्वतःच औषध लांबवतात. जंतुसंसर्ग, रक्तदाब, साखर यांवर लक्ष ठेवून, त्याला बरं वाटेल असं करत राहणं हाही उपचारच आहे. पण भीतीपोटी डबी कपाटात पडून राहणं वेगळं आणि विचार करून औषध न देणं वेगळं. आज तुमच्याकडे पहिलं चाललंय.

तुम्ही शेवटी विचारलंत, थांबायचं कधी. गाठ या औषधानं जात नाही, तेव्हा बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण औषध नीट बसलं तर अनेक कुत्रे दोन-तीन वर्षं छान काढतात, आणि जातात ते पुष्कळदा म्हातारपणाच्या दुसऱ्याच कशानं. त्याच वहीच्या मागच्या पानावर बिट्टूच्या आवडीच्या चार गोष्टी लिहा: लेकीच्या हाकेला धावणं, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फिरणं, जे असेल ते. आठवड्यातून एकदा बघा, त्यातलं काय काय तो अजून आपणहून करतो. एकेक सुटत चाललं, औषध बदलूनही परत आलं नाही, किंवा तो एकाच जागी गोल फिरू लागला, भिंतीला डोकं टेकून उभा राहू लागला, तर मेंदूतली गाठ वाढत असू शकते. ते लगेच डॉक्टरांना सांगा, आणि मग त्यांच्याशी तो कठीण विषय काढा. आज तो विषय नाही. आज तो भाकरी मागतोय. जुन्या औषधांची पिशवी भरा, जळगावला फोन लावा आणि चिठ्ठीचं बोलून घ्या. पंधरा दिवसांच्या तपासणीचा आकडा आला की मला कळवा.

तुमची,
माई